द्वारकाच्या नावाची मूठ

सन दोन हजार पंचवीस. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती, आणि आमच्या भाऊबंदकीत माझ्या शब्दापुढे शब्द ठेवणारा गडी अजून जन्माला आला नव्हता. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनेच सांगतो, पण खरं आहे. त्या श्रावणात मात्र शब्द ठेवला गेला, आणि तो गड्याने नाही, बाईने ठेवला. माझ्या धाकट्या चुलत भावाची, दगडूची, विधवा. द्वारका.

काय मागत होती ती? शेत नाही, घर नाही, पैसा तर नाहीच नाही. सव्वा मूठ गहू. आणि तोही घ्यायला नाही हो, द्यायला!

आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे, नथ, लुगडं, वर केळीच्या पानांचा मांडव. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू काढायचा. आमच्या घराण्याची रीत अशी की घरात जितके गडी तितक्या सव्वा मुठी. पाळण्यातलं पोर असलं तरी त्याच्या नावाची मूठ पडते. ती थोरल्याच्या हाताने पडते, म्हणजे अलीकडे माझ्या. त्या गव्हाचे रोट घराण्यानेच खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा द्यायचे नाहीत. दगडू होता तोवर त्याची मूठ होती. तो गेला. मुलगा नव्हता, एकच लेक मंगल, ती धुळ्याला दिलेली. मूठ बंद झाली. त्यानंतर अकरा वर्षं द्वारका आमच्या घरी येऊन तो गहू निवडायची, जात्यावर दळायची, रोट थापायची, आणि त्या ढिगात तिच्या घरचा एक दाणा नसायचा. मला त्यात कधी वावगं दिसलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते दिसलंच नाही.

आधी तिच्या बोलण्याची तऱ्हा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या जुन्या वळणात बाई जेठाशी तोंडाने बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली. द्वारकाने हे वळण तीस वर्षं पाळलं, एका दिवसाचीही सूट घेतली नाही. पण म्हणून गप्प बसली असं समजू नका! तिच्या आणि माझ्या ओट्याच्या मधे एक खुंटा होता, त्याला तिची शेळी बांधलेली असायची, मोरनी. मला जे काही सुनावायचं ते द्वारका मोरनीला सुनावायची. आमच्या अहिराणीत, चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

नळाला पाणी दोन दिवसांआड यायचं. मी थोरला, म्हणून आधी माझे दोन्ही हौद भरायचे. द्वारका हंडा घेऊन उभी राही आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणे, "मोरनी, तहान लागनी ना? थांब माय. आधी जेठना बैल पितस, मंग जेठनं आंगन पीस, मंग आपला नंबर लागस."

मी काय कमी होतो? मी पण शेळीलाच उत्तर देई. "मोरनी, तुनी मालकीनले सांग, हौद बापजादानी बांधेल शेतस."

"मोरनी, बापजादासनी पाऊस बी बांधी ठेयेल शे का, ते ईचार."

माझी बायको सिंधू दारात उभी राहून तोंडात पदर कोंबून हसायची. मी डोळे वटारले की आत पळायची. ती मोरनी म्हातारी होऊन गेली तेव्हा द्वारकाने बाजारातून दुसरी आणली आणि तिचं नावही मोरनीच ठेवलं. भांडण मधेच तुटायला नको ना!

दिसायला उंच, हाडकुळी. चालणं असं झपझप की बरोबर चालणाऱ्या बाईला पळावं लागे. दोन पायांत दोन रंगांच्या चपला, कारण ज्या जोडाची एक तुटे त्यातली दुसरी ती टाकत नसे. पाणी कधी बसून प्यायली नाही. कापूस वेचायला बारा बायकांची टोळी तिच्या मागे असायची, आणि ती दोन ओळी एकदम वेचायची, डाव्या हाताने डावी, उजव्या हाताने उजवी. कमरेची ओटी भरून पुढे आली की बाई नाही, कापसाची गाडीच चालून येतेय असं वाटे. अमळनेर तालुक्यात मी चाळीस वर्षं कापूस पिकवला. असे हात दुसरे पाहिले नाहीत.

आता चोवीस साल. त्या पावसाळ्यात सरकारने जाहीर केलं की गरीब घरच्या बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये टाकणार. थेट. मधे कोणी नाही. गावात काय गलका उडाला! ज्या बायका कधी गल्लीबाहेर पडल्या नव्हत्या त्या कागदांच्या पिशव्या छातीशी धरून अंगणवाडीपुढे रांगेत. कोणाचं आधार सापडेना, कोणाचं रेशनकार्ड सासूच्या पेटीत, कोणाच्या फोटोत डोळेच मिटलेले.

मी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर जाहीर केलं. म्हटलं, आमच्या घराण्यातली बाई सरकारपुढे हात पसरणार नाही. फुकटचं खायची आमच्यात पद्धत नाही. माझ्या सिंधूलाही सांगितलं, रांगेत दिसलीस तर याद राख. सिंधू "बरं" म्हणाली. ती नेहमीच "बरं" म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा पीत होतो. द्वारका धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन निघाली. खुंट्यापाशी थांबली.

"मोरनी, मी फारम भराले जास. कोनी ईचारं तं सांग, हात पसराले नही गयी, सही कराले गयी."

आणि गेली! झपझप.

पैसे आले ते श्रावणातच, दोन महिन्यांचे एकदम. तिच्याकडे बटणांचा मोबाईल होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. वाचता येत नव्हतं. मेसेज वाजला की समोर दिसेल त्याला थांबवून वाचायला लावायची. तो पहिला मेसेज गल्लीतल्या सहा जणांकडून सहा वेळा वाचून घेतला. सहाही जणांनी तेच वाचलं तेव्हा खात्री पटली.

ती त्याला सरकारचे पैसे म्हणत नसे. त्या योजनेचं ते गोड नावही तिने कधी घेतलं नाही. ती म्हणायची, "मना पगार." कोणी हसलं तर म्हणायची, "तीस वरीस चूल पेटाडी, कापूस येचा, पानी वाहं. पगार उशीर सुरू व्हयना, इतलंच."

पहिल्या पगारातून तिने काय घेतलं असेल? चष्मा! अमळनेरला जाऊन डोळे तपासून घेतले. एकटी गेली नाही, सिंधूलाही घेऊन गेली. म्हणाली, तिचेही तपासून आणते. मी म्हटलं जाऊ द्या, डोळ्यांना सरकार लागत नाही. दोघी संध्याकाळच्या एसटीने परत आल्या. द्वारका चष्मा लावूनच उतरली. घराच्या दारात उभी राहून आतल्या भिंतीकडे बघतच राहिली. "माय वं! इतली काळी भित व्हती का मनी?" त्याच आठवड्यात चुना लावला. मग सगळ्या वस्तू नव्याने बघत फिरली. डाळीतले खडे, लुगड्याचा काठ, चिंचेवरची घरटी. माझ्याकडेही एकदा चष्म्यातून नीट पाहिलं, लांबून, पदराआडून, आणि शेळीला म्हणाली, "जेठ म्हतारा व्हयी गया वं मोरनी! माले काय माहीत, मी तं पयलेसारखाच समजू!"

त्या रात्री मी आरशात पाहिलं. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

पगार आला की तिचा एक नेम होता. अमळनेरहून तिखट शेव आणायची, मोठ्या पातेल्यात शेवभाजी करायची आणि गल्लीत घरोघर वाटी फिरवायची. आमच्याकडेही यायची. लाल तर्री, वर तरंगणारी शेव, वास तर वेशीपर्यंत! मी ताटातून वाटी बाजूला सारली. सिंधू म्हणाली, "बरं." पहिल्या महिन्यात मी खाल्ली नाही. दुसऱ्या महिन्यातही खाल्ली नाही. तिसऱ्या महिन्यात सिंधू शेतात गेली असताना खाल्ली. वाटी धुऊन जागेवर ठेवली.

गावात सगळं गोडच झालं असं मी म्हणणार नाही. माझा धाकटा भाऊबंद भिका, त्याने बायकोचे पहिले पैसे काढून स्वतःला मोबाईल घेतला. एका घरात सासू-सुनेच्या खात्यांवरून चूल वेगळी झाली. पैसे कधी वेळेवर येत, कधी दोन महिने ताटकळत. पण द्वारकाचं मात्र पाणीच बदललं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं होतंच. पूर्वी वर्षातून एकदा, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक तिच्याकडे यायची तेवढीच भेट. आता ही दर महिन्याला धुळ्याला. कंडक्टरला सांगायची, "तिकीट आर्ध द्या, पन जागा पुरी द्या." आणि खिडकी पकडायची.

खरा दणका बसला मला, दिवाळीच्या आसपास, कापूस फुटल्यावर.

आमच्याकडची चाल अशी होती. श्रावण-भादव्यात मजुरांच्या घरात दाणा नसतो. त्या वेळी बायका शेतकऱ्याकडून उचल घेतात. उचल घेतली की वेचणीला त्याच्याच शेतात, तो देईल त्या भावाने. टोळी बांधली गेली. मीही चाळीस वर्षं हेच केलं, आणि मला वाटे मी त्यांना जगवतो. त्या साली श्रावण गेला, भादवा गेला, उचल मागायला एक बाई दारात आली नाही. मी म्हटलं बरं झालं, पैसे वाचले. डोक्यात प्रकाश पडला नाही.

वेचणीचा दिवस उजाडला. शेत पांढरंशुभ्र. मी काटा घेऊन बांधावर उभा. बाई नाही, बाईची सावली नाही. घरी आलो. द्वारका ओट्यावर, चष्मा लावून, डाळ निवडतेय.

"मोरनी," मी म्हटलं, "टोळी कथा शे?"

"मोरनी, सांग त्यासले, टोळी घरेच शे. किलोमागे दोन रुपया वाढाले पाहिजे. आन दुपारनी भाकर बांधवर नही, सावलीमा."

"मोरनी, इतला वरीस उचल कोनी दिधी, ईचार तिले."

"मोरनी, औंदा कोनी लिधी, ईचार त्यासले."

मी तडक उठलो. म्हटलं, गेली उडत तुमची टोळी! माझा मी वेचीन. सिंधूला घेतलं आणि गेलो शेतात. पहिला दिवस. बोंडाचं वाळलेलं टोक कसं असतं माहीत आहे? सुईसारखं. चाळीस वर्षं मी कापूस तोलला होता, वेचला नव्हता. दुपारपर्यंत बोटांतून रक्त. संध्याकाळी कंबर सरळ होईना. दुसऱ्या दिवशी मी वेचला त्यापेक्षा जास्त कापूस वाऱ्याने खाली पाडला. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला तर काय होतं हे मला शिकवायला नको.

मी ओट्यावर आलो. मोरनीपुढे उभा राहिलो. सांगतो, माणसापुढे हरायला एक हिंमत लागते, शेळीपुढे हरायला दोन!

"मोरनी," मी म्हटलं, "दोन रुपया दिधा. सावली बी."

द्वारकाने डाळीचं सूप खाली ठेवलं आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन अशी हाक मारली की बारा दारांतून बारा बायका बाहेर! जणू दाराआड ओटी बांधूनच उभ्या होत्या. आभाळ फुटायच्या आत शेत मोकळं केलं. हसत, एकमेकींना चिडवत, पळत वेचत होत्या. मी काटा धरला. ती चष्मा नाकावर सारून काट्याजवळ उभी राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या काट्याची सुई बघत होतं. माझा काटा खरा होता बरं का. पण घाम फुटला.

असं ते साल गेलं आणि पंचवीसचा श्रावण आला.

शनिवारी सकाळी आमच्या ओसरीत अकरा घरांचे गडी जमले. मधे पांढरं धोतर पसरलेलं, प्रत्येकाने आपापल्या घरचा गहू आणलेला. मी आंघोळ करून बसलो. एकेकाचं नाव घ्यायचं, सव्वा मूठ टाकायची. भिकाची टाकली, त्याच्या दोन पोरांची टाकली, महिनाभराच्या नातवाची टाकली. बायका आतल्या खोलीत, जात्याजवळ.

तेवढ्यात द्वारका आली. दारातून नाही, बायकांच्या खोलीतून नाही, सरळ ओसरीतून. हातात स्टीलचा डबा. डबा धोतराच्या कडेला ठेवला. आत निवडलेला, पाखडलेला, चकचकीत गहू. रेशनचा नव्हे, बाजारातून पारखून आणलेला.

गडी एकमेकांकडे बघू लागले. मी नेहमीच्या सवयीने शेळी शोधली. शेळी कुठून असणार तिथे?

द्वारकाने पदर सारखा केला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

"आबा, मना नावनी मूठ टाका."



मी म्हटलं, "मूठ गडीनी ऱ्हास. दगडूनी व्हती. दगडू गया."

"दगडू गया. मी शे ना? घर शे ना? चूल पेटस ना?"

"रीत शे."

"रीत माले माहीत शे, आबा. अकरा वरीस ह्या गहू मी दळी ऱ्हायनू. पन सांगा, सरकारले मनं नाव सापडनं. बँकले सापडनं. एक देवीलेच कसं सापडत नही?"

भिका मधे बोलला, "वयनी, फुकटना पैसाना गहू देवीले चालत नही."

ती भिकाकडे वळलीसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिली. चष्म्याआड डोळे मोठे दिसत होते.

"आबा, तुमना खातामा वरीसमा तीन येळा शेतकरीना पैसा येतस. त्यानं बियानं लेतस, त्याना गहू पिकस, तोच आते ह्या धोतरवर पडेल शे. तुमले येस तो हक्क, आन माले येस ती भीक? धाडनारा एक, बँक एक, मेसेज बी एकसारखाच वाजस!"

खरं होतं. शंभर टक्के खरं. आणि अकरा घरांसमोर होतं, म्हणून मला जास्त लागलं. मी माझी मूठ झटकली, गव्हाचे दाणे उडाले, आणि म्हणालो, "डबा उचल."

तिने डबा उचलला. ना रडली, ना ओरडली. झाकण नीट दाबून लावलं आणि गेली. आत जातं थांबलं होतं. ते पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

मला वाटलं, झालं, मिटलं. उद्या येईल रोट थापायला.

रविवारी ती आली नाही. दहाच्या सुमारास पलीकडून ढोलकी ऐकू आली. मी ओट्यावर जाऊन पाहतो तर द्वारकाच्या चुना लावलेल्या खोलीपुढे केळीचे खांब! दाराला आंब्याचं तोरण! आत चौरंग, चौरंगावर नारळ, नारळाला नथ! तिने स्वतःची कानबाई बसवली होती!

एकटीने नाही. पाच जणी होत्या. गावातल्या अशा पाच बायका, ज्यांच्या घरात मूठ टाकायला गडी नाही. कोणाचा मेला, कोणाचा दुसरी करून सुरतेला गेला. पाचही जणींच्या खात्यात ते दीड हजार येत. पूर्वी एकीला सोडा, पाचींना मिळूनही पुरणाची डाळ आणि गूळ परवडला नसता. त्या दिवशी प्रत्येकीने आपापल्या हाताने, आपापल्या नावाची सव्वा मूठ टाकली होती. म्हणाल्या, आम्ही पाच जणी हीच आमची भाऊबंदकी. मंगल धुळ्याहून आली होती, आणि तिलाही आईच्या घरचा रोट मिळणार होता. लग्न झालेल्या लेकीला रोट! माझं डोकं तापून लाल.

गल्लीतल्या बायका एकेक करून तिकडे सरकू लागल्या. आमच्याकडे देवी, दिवा, फुलोरा सगळं जागच्या जागी, पण गाणं म्हणायला कोणी नाही. माझ्या मांडवात मी, भिका आणि बँडवाल्यांची आगाऊ बसलेली दोन माणसं. आणि पलीकडे काय आवाज! फुगड्यांनी जमीन हादरतेय, हसणं, टाळ्या.

शेवटी सिंधूही निघाली. नवं लुगडं नेसून.

"कुठे चाललीस?"

"द्वारकाकडे. गाना म्हनाले बलायेल शे."

"पाय बाहेर टाकू नको. त्या भिकेच्या देवीपुढे..."

सिंधू थांबली. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, तिने कधी माझं वाक्य अर्ध्यात तोडलं नव्हतं. त्या दिवशी तोडलं.

"वरीस व्हयनं," ती म्हणाली, "तुमनी बीपीनी गोळी मना पैसानी येस."

मला कळेना. मग कळलं. डोळे तपासायला गेल्या होत्या ना दोघी अमळनेरला? एक दिवस आधी अंगणवाडीत बसून द्वारकाने सिंधूचाही फॉर्म भरून घेतला होता. अमळनेरला डोळे तपासले ते खरंच, पण त्याच फेरीत बँकेचं कामही केलं होतं. माझ्या चहातली साखर, कापसाच्या भावाने मार खाल्ला तेव्हाचं तेल, माझी गोळी. वर्षभर मी पारावर बसून जे थुंकत होतो, तेच घरी येऊन गिळत होतो. आणि दोघींपैकी एकीनेही, इतक्या भांडणात, इतक्या टोमण्यांत, कालच्या त्या ओसरीतसुद्धा, ते बाहेर काढलं नव्हतं. द्वारकाच्या हातात तो हुकमाचा एक्का होता. तिने टाकला नाही.

"तिने काल का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुमनी मान खाले जाती, म्हनीसन," सिंधू म्हणाली. आणि गेली.

मी मांडवात बसून राहिलो. पलीकडे मंगलचा आवाज वेगळा ओळखू येत होता, आईसारखाच खणखणीत. पुढे त्याच वर्षी दिवाळीनंतर द्वारका तिच्याकडेच कायमची राहायला गेली. मंगलने धुळ्यात बायकांची खानावळ काढली आहे, आणि तिथे ही म्हणे भाकरी थापते आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावते. तिचं कुलूप लावलेलं दार आता रोज दिसतं. पण ती डोळ्यांपुढे येते ती त्या सोमवारची, देवी उठायच्या दिवसाची.

सकाळी कानबाई नदीवर न्यायची असते. आमचा चौरंग सिंधूने डोक्यावर घेतला. काल गेली तशीच आज वेळेवर हजर. पुढे बँड, मागे अकरा घरं. मारुतीच्या पारापाशी दोन गल्ल्या मिळतात आणि तिथून बोरी नदीला एकच वाट जाते, बैलगाडीपुरती. त्या वाटेवर माझ्या बापाच्या, त्याच्या बापाच्या वेळेपासून पुढे कोण हे ठरलेलं. आम्ही. बाकीच्यांनी थांबायचं.

आम्ही पाराशी पोचलो आणि दुसऱ्या गल्लीतून त्या पाच जणी आल्या. एक ढोलकी, बस. द्वारकाच्या डोक्यावर चौरंग. मान ताठ, दोन्ही हात सोडलेले. आम्हाला पाहून थांबल्या, रीतीप्रमाणे. ढोलकी बंद झाली. आमचा बँडही बंद. गाव दोन्ही बाजूंना उभं.

द्वारका माझ्याकडे बघत नव्हती. नदीकडे बघत होती. घामाचा ओघळ चष्म्यावरून खाली आला तरी पुसायला हात वर केला नाही. मागे मंगलने ओठ दाबून धरले होते.

"आबा, निघू ना?" भिका म्हणाला. "वाजवायला सांगू?"

मी बँडवाल्याकडे गेलो. त्याच्या कानाशी लागून सांगितलं. त्याला आधी खरं वाटेना. पुन्हा सांगितलं, जरा जोरात. मग तो हसला, पिपाणी वर केली, आणि माझ्या पैशाचा, माझ्या घराण्याचा बँड वळून द्वारकाच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि असा वाजला, असा वाजला की पारावरचे कावळे उडाले! पाच जणी निघाल्या. द्वारका झपझप, डोक्यावर देवी असूनही झपझप, बँडवाल्यांना पळावं लागलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आबा! आपली देवी मांगे ऱ्हायनी!" भिका ओरडला.

"ऱ्हावू दे," मी म्हटलं, "चाल."

आणि मी टोपी काढून हातात घेतली, आणि नदीपर्यंत तिच्या कानबाईच्या मागे चालत गेलो.